दाक्तर गप्प बसला

तांबडी पान्हा चोरत होती. दाक्तरनं वासरू दोनदा सोडलं, दोनदा ओढून बांधलं, कासेवर कोमट पाणी मारलं, पाठीवर थाप दिली, कानाशी चार शब्द गोड बोलला आणि दोन वाईट, तरी बया ढिम्म हलली नाही. चार सडांतून मिळून वाटीभर दूध निघालं. बाकीचं तिनं वर ओढून धरलं आणि मान वळवून घराच्या दाराकडे बघत राहिली.

"बघ, बघ," दाक्तर तिला म्हणाला. "ती काही येत नाही आज."

तांबडीला त्याच्या बायकोच्या हाताची सवय. बायको बादली घेऊन नुसती दारातून निघाली तरी हिच्या सडांतून दूध ठिबकायला लागायचं. आता बायकोला गोठ्याचा वासच सहन होत नव्हता. सगळा जन्म दुधात गेलेली बाई, आणि दुधाचा वास आला की पोटातलं बाहेर येत होतं. तिसऱ्या वेळची केमो झाल्यापासून तिनं गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. दाक्तर जवळ गेला तरी ती नाकाला पदर लावायची आणि मग स्वतःच ओशाळायची. म्हणून तो हल्ली तिच्या खाटेपासून चार हात लांब बसायचा.

उन्हाळा असा पेटला होता की सकाळी धार काढतानाच पाठ घामानं भिजायची. तळ्यात चिखल उरला होता. हिरवं गवत बघायला मिळत नव्हतं, वाळलेली वैरण कापून, पाणी शिंपडून गाईंच्या पुढ्यात टाकायची आणि त्या नाक मुरडून खातात का ते बघायचं. पाच गाई, त्यांतली एक भाकड. घरात दाक्तर, बायको आणि त्याची थोरली बहीण. बहिणीला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. ती सगळ्यांची आत्या होती आणि तिची जीभ सगळ्या गावाला पुरून उरेल अशी होती.

दाक्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे आणि शिक्षणाशी तर त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण आसपासच्या वस्त्यांवर कुणाच्याही गाईची कास सुजली, सड बसलं, दुधात गाठी आल्या की माणूस यालाच बोलवायला यायचा. तो येऊन आधी हात गरम पाण्यानं धुवायचा, मग कासेखाली हात घालून डोळे मिटायचा. बोटं दाबत दाबत फिरवायचा आणि सांगायचा, "दगडी आहे. चार दिवसांत उतरेल." कास दगडासारखी घट्ट होते ते दुखणं, म्हणून दगडी. आणि बहुतेक वेळा उतरायची. हाताला गुण होता, ते खोटं नाही.

त्या हातानंच घात केला.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळच्या धारा आटोपल्यावर बायको गोठ्याच्या मागे त्याला म्हणाली, "अहो, जरा इथं बघता का? तांबडीनं लाथ मारली होती ना, तिथं काहीतरी लागतंय हाताला."

त्यानं हात धुतले, डोळे मिटले, दाबून बघितलं. "दगडीच दिसते," तो म्हणाला. "उतरेल."

"मी काय गाय आहे?" बायको हसली.

"अंग ते अंगच," दाक्तर म्हणाला. आता काय म्हणावं या माणसाला! आणि मग फळीवरचा निळा डबा काढून तो कासेला लावायचं मलम तिला लावायला लागला. रोज झोपायच्या वेळी आधी गरम फडक्यानं शेक, मग मलम. सगळा पावसाळा लावलं आणि जवळजवळ सगळा हिवाळा. इतक्या मायेनं त्यानं आयुष्यात कधी तिच्या अंगाला हात लावला नव्हता, आणि आता तेच आठवून त्याला जेवण जात नव्हतं. गाठ काही उतरली नाही. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली, काखेत आणखी एक लागली, तेव्हा आत्यानं बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं. "अरे मेल्या, ही गाय आहे होय रे? शहरात ने तिला, शहरात!"

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "गाठ कधी लक्षात आली?" दाक्तरनं तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आत्ताच हो. महिना झाला असेल." डॉक्टरांनी एकदा गाठीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि पुढचं विचारायला लागले. घरी परतताना दाक्तरनं कारण विचारलं तर म्हणाली, "चारचौघांत तुमची लाज कशाला काढायची?" त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून त्यानं कुणाच्या गाईच्या कासेला हात लावला नाही. शेजारी दोनदा येऊन गेला. त्याच्या पांढऱ्या गाईचं एक सड पार बसलं होतं.

"नुसता हात लाव रे, दुसरं काही नको," शेजारी म्हणाला.

"जनावरांच्या खऱ्या डॉक्टरला बोलव."

"तो येणार, बघणार, जाणार. तुझ्यासारखा हात आहे का त्याला?"

"नाही माझ्यात ते आता," दाक्तर म्हणाला आणि वैरणीचा भारा उचलून चालू पडला. शेजारी वाटेत उभा राहून बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होता. आखडूपणा करतोय, असं त्यानं गावभर सांगितलं.

शहरात जायला दुधाचा टेंपो होता. सकाळी कॅन उचलायला यायचा, त्यातच चालक बायकोला पुढं शेजारी बसवायचा, काच खाली करून द्यायचा. दाक्तर मागं कॅनच्या गर्दीत उकिडवा बसायचा. चौथ्या वेळेलाही तसेच गेले. वाटेत टेंपो दोनदा थांबवावा लागला. बायको रस्त्याच्या कडेला वाकली की दाक्तर मागून उतरायचा आणि तिच्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला पाण्याची बाटली धरून उभा राहायचा.

केमोची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. भिंतीला लागून रेक्झिनच्या खुर्च्या, एकेका खुर्चीशेजारी सलाईनचा खांब, आणि वर पंखा, तो फिरायचा त्यापेक्षा कुरकुरायचा जास्त. तिथल्या सिस्टर अंगानं आडव्या, चालताना सपातांचा फटफट आवाज करणाऱ्या. त्या आल्याचं तीन खोल्या आधी कळायचं. त्यांनी बायकोसाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवली होती, का तर तिला वारा लागला की मळमळ कमी होते.

"या," त्या म्हणाल्या. "आज वाटेत किती वेळा?"

"दोनदाच," बायको म्हणाली, जशी काही मोठी मजल मारली.

"दोनदाच ना? मागच्या वेळी चारदा झालं होतं. म्हणजे निम्म्यावर आलात की."

सिस्टर बुटक्या स्टुलावर बसल्या. बायकोचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळत बसल्या. थंड हात लावू नये म्हणून. दाक्तर दारातून बघत होता. धार काढायला बसताना तोही असंच करायचा. बायकोच्या शिरा आता दडून बसायला लागल्या होत्या. सिस्टरनी बोटानं चाचपून सुई घातली. बायको कळवळली. रक्त आलं नाही.

"चुकलं माझं," सिस्टर लगेच म्हणाल्या. "दुखलं ना खूप?"

"असू द्या हो."

"असू द्या काय? दुखलं तर दुखलं म्हणा. थोडं थांबूया, मग पुन्हा बघते."

आणि थोडं थांबून, त्याच हातानं, त्यांनी पुन्हा सुई घातली. या वेळी शीर लागली. दाक्तरला हे बघून काहीतरीच झालं. किती सहज म्हणाली बाई, चुकलं माझं. आणि हात थरथरला नाही.

औषध सुरू झालं, बायकोला जरा तरतरी आली, आणि तिला बोलायची हुक्की आली. शेजारच्या खुर्चीतली बाई नवी होती, घाबरलेली होती, आल्यापासून रडत होती. तिला हसवायला म्हणून बायकोनं सुरू केलं, "अहो, रडता कशाला? तुम्हाला निदान माणसांचं औषध तरी मिळालं. आमच्या ह्यांनी मला गाईचं मलम लावलं. आठ महिने! रोज शेकून शेकून. मी म्हटलं, आता शिंगं तेवढी यायची राहिलीत."

सगळी खोली हसली. रडणारी बाई डोळे पुसत पुसत हसली. सिस्टरही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर दाराकडे गेली. दाक्तर पाण्याची बाटली छातीशी धरून उभा होता. सिस्टरचं हसू गेलं. बायकोनंही बघितलं. "अहो, गंमत केली," ती म्हणाली. "हो हो," दाक्तर म्हणाला, हसल्यासारखं केलं आणि बाहेर सटकला.

बाहेर बोळात टेंपोचा चालक आला होता, रिकामे कॅन घेऊन परतायची घाई होती त्याला. लांबूनच ओरडला, "ओ दाक्तर! किती वेळ अजून?"

समोरून गळ्यात नळी घातलेले खरे डॉक्टर चालले होते. ते थबकले. "मला म्हणालात?"

"नाही हो साहेब, आमच्या दाक्तरला. गाईंचे दाक्तर आहेत हे. कासेला हात लावून आजार सांगतात."

"अरे वा," डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "कसं काय ओळखता?"

"काही नाही, साहेब," दाक्तर खाली बघत म्हणाला. "धारा काढतो मी."

त्या खेपेला बायकोचे केसही पार गळत आले होते. झोपून उठली की उशीवर पुंजके. घरी कुणाला हात लावू देत नव्हती. सिस्टरनी सलाईन संपल्यावर तिच्या खुर्चीभोवतीचा पडदा ओढला, कात्री आणली आणि आत बराच वेळ त्या दोघींचं हळू आवाजात बोलणं चाललं. एकदा बायको रडल्याचं ऐकू आलं. सिस्टर म्हणत होत्या, "रडा. पडदा ओढलाय, कुणी बघत नाही. माझी ड्यूटी संपलीये, मला घाई नाही." बाहेर आली तेव्हा बायकोच्या डोक्याला सुती रुमाल होता, मागं छान गाठ मारलेली. "कशी दिसते?" तिनं विचारलं. दाक्तरला म्हणायचं होतं, चांगली दिसतेस. ते तोंडातच राहिलं.

चौथ्या वेळेनं तिला झोपवलं. तोंड आलं, जीभ, गाल, घसा सगळं सोलून निघालं. पाणी प्यायची तरी डोळ्यांतून पाणी यायचं. मऊ भात केला तर चार शितं गिळून ताट सरकवायची. दिवसभर अंगणात झाडाखाली खाटेवर पडून असायची. दाक्तर पहाटे गोठा झाडायचा, शेण काढायचा, धारा, मग कॅन, मग वैरण कापायची, मग तळ्याच्या तळातून पाणी आणायचं. आणि या सगळ्याच्या मधे तिच्याकडे बघायचं नाही, असं त्याचं चाललं होतं.

"मी आता जाणार नाही," एका संध्याकाळी ती म्हणाली. तोंडातल्या फोडांमुळे शब्द बोबडे येत होते. "नाही सोसवत. तुम्ही काय म्हणता?"

दाक्तर वैरण कापत होता. विळीवरचा हात थांबला. त्याच्या मनात आलं, म्हणावं जाऊया, अर्ध्यात सोडू नको. पण मागच्या वेळेला मनात आलं तेच म्हटलं होतं ना? डोळे मिटून, मोठ्या थाटात. त्यावर विश्वासून बाईनं आठ महिने काढले. आता पुन्हा काय म्हणून तोंड उघडावं? आणि म्हणावं जाऊ नको, तर ती मेली म्हणजे? त्यानं विळी बाजूला ठेवली, उठून रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले आणि गोठ्यात गेला.

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा आत्याही तिथंच होती. "पुरे झाले हाल," आत्या म्हणाली. "आहे तेवढे दिवस सुखानं काढू दे तिला. काय रे?" दोघी त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या हाताला गाईंचं आंबोण लागलं होतं. तो हात धुवायला उठला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं ते अंधार पडताना, अगदी हळू. "अहो, सांगा ना काहीतरी." दाक्तर उठला तो हात धुऊन थेट कॅन घासायला लागला, घासलेलेच कॅन.

ठरल्या दिवशी सकाळी टेंपो आला. दाक्तर कॅन चढवून वळला तर बायको खाटेच्या कडेला बसली होती. स्वच्छ लुगडं, डोक्याला रुमाल, पायात चपला, बाजूला दवाखान्याची पिशवी. कधी उठून तयार झाली होती कोण जाणे. ती त्याच्याकडे बघत होती. एक शब्द, बस. दाक्तरच्या हातात रिकामी बादली होती आणि तोंडात जीभ होती की नाही देव जाणे.

चालकानं भोंगा वाजवला. "चलायचं ना, वहिनी?"

बायको आणखी थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "जा तू. आज नाही येत आम्ही."

टेंपो धूळ उडवत गेला. ती आत गेली आणि रोजचं लुगडं नेसून पुन्हा खाटेवर येऊन पडली. दाक्तरला तेव्हाही काही कळलं नाही. त्याला वाटलं, तिचं तिनं ठरवलं. आपण मधे बोललो नाही, निदान या वेळी पाप डोक्यावर नाही. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

दुपार टळल्यावर फोन वाजला. दाक्तर तांबडीखाली बसला होता. फोन खाटेजवळच्या खिडकीत. बायकोनं घेतला आणि कानाशी धरवेना म्हणून मोठ्या आवाजावर टाकून पोटावर ठेवला. सिस्टरचा आवाज गोठ्यापर्यंत आला.

"आज आला नाहीत तुम्ही. खिडकीची खुर्ची रिकामीच ठेवली मी. तोंड आलंय का?"

"आलंय ना. सिस्टर, मी नाही येणार आता."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. "का ते सांगाल मला? मला सांगितलं म्हणजे यावंच लागेल असं नाही."

"काय उपयोग? संपलंय ते."

"कोण म्हणालं?"

"हे."

तांबडीच्या सडावरचे दाक्तरचे हात थांबले.

"ते असं म्हणाले?"

"म्हणाले नाहीत, तेच तर," बायको म्हणाली. "तुम्हाला ह्यांची सवय ठाऊक नाही. गाईला हात लावून हे बोलले की गाय वाचते. बोलले नाहीत, नुसते हात धुऊन उठले, की मालकानं समजायचं. विचारायचंसुद्धा नाही. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ह्यांना वाईट बोलवत नाही कधी. मी तीनदा विचारलं, सिस्टर. तिन्ही वेळा हात धुऊन उठले. आज सकाळी नेसून बसले होते मी, म्हटलं जाताना तरी काही म्हणतील." तिचा आवाज फाटला. "मी काय समजायचं ते समजले. त्यांचा तरी काय दोष, मनानं चांगला आहे माणूस."

दाक्तर रिकामं सड ओढत राहिला. तांबडी चुळबुळली, पाय उचलला, तेव्हा त्याला भान आलं. हे असं होतं तर. हे आपल्या ध्यानातच आलं नाही. गाव ज्याला निकाल म्हणतं तोच निकाल त्यानं तिला तीनदा दिला होता, आणि तो आपला समजत होता की आपण पापातून अंग काढून घेतोय!

"त्यांना द्या फोन," सिस्टर म्हणाल्या.

आत्यानं फोन गोठ्यात आणून दिला आणि तिथंच उभी राहिली. दाक्तरनं तिच्याकडे असं बघितलं की आत्यासारखी आत्या मुकाट निघून गेली.

"ऐकलंत?" सिस्टरनी विचारलं.

"ऐकलं."

"सोडलंत तुम्ही त्यांना?"

"काय बोलता हो! नाही. माझी जीभच उचलत नाही, सिस्टर. मागच्या वेळी बोललो त्याचं काय झालं? तुम्हाला ठाऊकच आहे, सगळ्या खोलीला ठाऊक आहे. कुठल्या तोंडानं सांगू आता? पुन्हा चुकलं तर?"

पलीकडे कुणीतरी सिस्टरना हाक मारली. "आले," असं म्हणून त्या पुन्हा फोनवर आल्या. "उशीर झाला, तो तुमच्यामुळे झाला. तुमचं मन राखायला मी नाही म्हणणार नाही. पण तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता जे करताय ते माहीत असून करताय."

कुणीतरी हे आपल्याला तोंडावर म्हणावं म्हणून तो किती महिने वाट बघत होता. म्हटल्यावर कानशिलात बसावी तसं झालं. 

"त्यांनी यायचं की नाही ते त्या ठरवतील," सिस्टर म्हणाल्या. "मी जबरदस्ती करत नाही, तुम्हीही करू नका. पण तुमच्या मनात काय आहे ते त्यांना खरं खरं सांगा. परवा मी आहे. डॉक्टरांशी मी बोलते, तोंडासाठीही काहीतरी करू. दोन दिवस मागेपुढे झाले तर चालतात, सोडून दिलं तर नाही चालत."

दाक्तर गोठ्यातून निघाला आणि सवयीनं रांजणाकडे वळला. मग थांबला. शेणाचे, दुधाचे हात तसेच घेऊन खाटेजवळ गेला आणि चार हात लांब नव्हे, खाली जमिनीवर तिच्या उशाशी बसला. तिनं पदर नाकाला लावला.

"मी तुला सोडलं नाही," तो म्हणाला.

तिनं पदर आणखी घट्ट दाबला.

"मी घाबरलो होतो गं. मला वाटलं, आपण बोललो की वाटोळं होतं. म्हणून गप्प बसलो."

बायको कोपरावर उठली. इतके महिने ही बाई हसत होती, लपवत होती, त्याची लाज राखत होती. ते सगळं एकदम गेलं. "घाबरलात? आणि मी? मी नव्हते घाबरले? बोलायचं नव्हतं तेव्हा तोंड चालवलंत, मी ऐकलं. आता बोलायची वेळ आली तर मुके झालात! मी इथं पडून रोज मरतेय, आणि तुम्ही कॅन घासताय!" फोड फुटून तिच्या ओठावर रक्त आलं. "माझ्या अंगाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण माझ्याशी बोला तरी!"

"चुकलं माझं," दाक्तर म्हणाला. पहिल्यांदाच. रडत म्हणाला, आणि तिनं त्याला गप्प केलं नाही, रडू दिलं.

मग ओठावरचं रक्त पदरानं टिपून ती म्हणाली, "बरी होईन का मी?"

सगळा जन्म लोकांनी त्याला हेच विचारलं होतं आणि त्यानं डोळे मिटून सांगितलं होतं. आता त्यानं डोळे उघडे ठेवले. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच नाही माहीत. पण जाऊया. मला वाटतं, जावं."

ती मग पुन्हा उशीवर पडली. "परवा धारा लवकर काढा मग," ती म्हणाली. "टेंपोवाल्याला ताटकळत ठेवू नका. आणि आत्ता जा तिकडे, वास मारताय."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांना खिडकीची खुर्ची मिळाली. सुई लागायच्या आधी डॉक्टर आले, पडद्याआड तपासलं. दाक्तर बाहेर उभा. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "अरे, बरीच लहान झाली की ही! काखेतली तर जवळजवळ लागतच नाही हाताला. औषध चांगलं लागू पडतंय तुम्हाला. सोडू नका अजिबात."

"अहो! ऐकलंत का?" बायको आतून ओरडली. तोंडातल्या फोडांची पर्वा न करता ओरडली.

"ऐकलं!" दाक्तर म्हणाला. आणि पडदा सरकून तिचं हसरं तोंड दिसायच्या आत तो बोळाच्या टोकाला, जिन्याखाली जाऊन उभा राहिला आणि भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला. कुणा दुसऱ्या रुग्णाचा म्हातारा नातेवाईक जाता जाता थांबला. "धीर धरा हो," तो पाठीवर हात ठेवून म्हणाला. "आपल्या हातात काय असतं?" दाक्तरनं नुसती मान हलवली.

सपातांचा आवाज आला. सिस्टर जिन्याखाली येऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"इतका गुण येणार होता," दाक्तर म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते. "चार वेळांत इतकी उतरली. आठ महिने आधी आणली असती तर?"

"तर बरं झालं असतं," सिस्टर म्हणाल्या. "काखेत गेली नसती कदाचित. हो."

त्यांनी घाई केली नाही. बोळातून ट्रॉली गेली, कुणाचा तरी फोन वाजला, जिन्यानं वर गेलेली माणसं परत खाली आली. सिस्टर भिंतीला टेकून उभ्याच होत्या. त्याचं रडणं कमी झालं तशी त्यांनी खिशातून कापसाचा गोळा काढून त्याच्या हातात दिला, दुसरं काही नव्हतं म्हणून. त्यानं नाक पुसलं.

"हे जायचं नाही, सिस्टर," तो म्हणाला. "मनातलं."

"नाही जायचं लगेच. माझंही काही काही जात नाही." सिस्टरनी पुढं काय ते सांगितलं नाही. "आता ऐका. आज औषध चालू असेपर्यंत त्यांनी तोंडात बर्फ धरायचा आहे, सारखा. म्हणजे तोंड कमी येतं. आमच्या फ्रिजमधला संपलाय. रस्त्यापलीकडे सरबतवाला आहे, त्याच्याकडून आणा. पाचेक मिनिटांत मी सुई लावतेय."

दाक्तर धावला. पन्नाशीचा माणूस, पायात घसरणाऱ्या चपला, रस्त्यावर गाड्या, वरून ऊन असं की डांबर मऊ झालेलं. सरबतवाल्याला त्यानं नीट सांगितलंही नाही, नुसतं "बर्फ, बर्फ" केलं. पिशवी हातात आल्या आल्या गळायला लागली. ती पोटाशी धरून तो तसाच परत धावला. जिन्यावर एकदा पाय घसरला, गुडघा आपटला, पिशवी सोडली नाही. खोलीत पोचला तेव्हा सदरा पुढून ओला झाला होता आणि सिस्टर सलाईनची चावी सोडत होत्या.

"तोंड उघड," तो धापा टाकत म्हणाला.

"अहो, दम तरी घ्या."

"उघड आधी."

त्यानं खडा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं डोळे घट्ट मिटले. "गार आहे हो! दात ठणकतात."

"ठणकू दे. धर तसाच. थुंकायचं नाही."

"किती वेळ?"

"औषध संपेपर्यंत. एकेक देतो मी. आता बोलू नकोस, विरघळतो."

तो बुटक्या स्टुलावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. पाणी त्याच्या पायांवरून फरशीवर ओघळत होतं. तिच्या तोंडातला खडा संपायची वाट बघत त्यानं दुसरा बोटांत तयार धरला. बोटं बधिर झाली, तरी त्यानं हात बदलला नाही. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.